मालकी आणि वहिवाट : वऱ्हाडातील एका कापूसवाहू शाखा-रेल्वेचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

मुंबई-नागपूर लोहमार्गावर अकोला व बडनेरा यांच्या दरम्यान मूर्तिजापूर हे स्थानक लागते. या स्थानकापासून अरुंदमापी रुळांचे दोन फाटे निघत. एक उत्तरेस दर्यापूर व अंजनगाव या मार्गाने अचलपुरास जाई. दुसरा आग्नेयेस कारंजा व दारव्हा या मार्गाने यवतमाळास पोहोचे. पहिल्या फाट्याची लांबी सुमारे ७६ किलोमीटर, दुसऱ्याची सुमारे ११३ किलोमीटर. दोन्ही मिळून १८९ किलोमीटरांचा हा मार्ग अडीच फूट रुंदीच्या मापाचा होता व तो मुख्यतः वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गावर आणून सोडण्यासाठी बांधण्यात आला होता. त्यावर धावणाऱ्या उतारूगाडीस लोक 'शकुंतला' म्हणत. पुढे हेच नाव सबंध मार्गाला चिकटले.

या मार्गाविषयी लोकांत व वृत्तपत्रांत एक समज रूढ झाला. तो असा की, देशातील सर्व रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली, परंतु हा एक मार्ग सरकारच्या नजरेतून सुटला. तो अद्याप ब्रिटिश कंपनीचा असून भारतीय रेल्वे त्यापोटी दरसाल विलायतेस पैसा पाठविते. या रकमेचा कोटी-सव्वा कोटी रुपयांचा आकडाही वेळोवेळी छापून येत असे. ही हकीकत ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते, थोडी अपमानास्पदही वाटते, आणि म्हणूनच ती टिकून राहिली आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने ती जशीच्या तशी स्वीकारणे योग्य होणार नाही. तिच्यात तथ्याचा अंश आहे; पण ज्या दोन गोष्टींवर ती उभी आहे, म्हणजे नजरचूक आणि परकीय मालकी, त्या दोन्ही तपासून घ्याव्या लागतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. हा मार्ग खाजगी मालकीचा राहिला तो कोणाच्या विसरण्यामुळे नव्हे, तर ज्या धोरणातून तो जन्मास आला त्या धोरणानेच मालकी एकाकडे व वहिवाट दुसऱ्याकडे अशी वाटणी करून ठेवली होती म्हणून. ही वाटणी मार्ग बांधताना सोयीची ठरली. मार्ग जतन करण्याची वेळ आली तेव्हा तीच घातक ठरली. परकीय मालकीच्या समजुतीमुळे मात्र हा खरा दोष झाकला गेला.

२. कापूस आणि लोहमार्ग

वऱ्हाडातील काळ्या जमिनीत कापूस पूर्वापार पिकत आला आहे. लोहमार्ग येण्यापूर्वी येथील रुई बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून व गाड्यांतून दूरच्या बाजारांस जाई. गंगेच्या काठच्या मिर्झापुरापर्यंत तिची ने-आण होत असे. या वाटेवर पावसाने भिजणे, धुळीने मळणे व चोरी या तिन्हींचे भय असे. मालाला किती महिने लागतील याचा नेम नसे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे आला, त्यामागे हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाची वसुली हे उघड कारण होते; तथापि हा मुलूख कापसाचा आहे याची जाणीव मँचेस्टरच्या गिरणीमालकांना तेव्हापासूनच होती.

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने ही जाणीव तीव्र केली. अमेरिकेचा कापूस बंद होताच लँकेशायरच्या गिरण्या भारताकडे वळल्या, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मालास पूर्वी कधी न मिळालेला भाव मिळाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील जी. आय. पी.चा, मार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला तेव्हा युद्ध संपून भाव कोसळले होते; परंतु व्यापाराची दिशा कायमची बदलली होती. वऱ्हाडचा कापूस आता मुंबईकडे जाणार हे ठरून गेले होते.

मुख्य मार्ग पूर्णेच्या खोऱ्यातून, वऱ्हाडच्या मधून गेला. मात्र कापसाच्या जुन्या पेठा मार्गावर नव्हत्या. खामगाव व अमरावती या दोन मोठ्या पेठा तर थोडक्यासाठी बाजूला राहिल्या. म्हणून १८७० साली जलंब ते खामगाव व १८७१ साली बडनेरा ते अमरावती असे दोन आखूड फाटे बांधण्यात आले. खामगावचा फाटा खुला करण्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते, यावरून त्या काळी कापसाच्या फाट्याला किती महत्त्व होते हे ध्यानात यावे. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. हे दोन्ही फाटे सरकारी मालकीचे होते, रुंदमापी होते, व ते चालविण्याचे काम जी. आय. पी.कडे होते. म्हणजे मालक एक व चालक दुसरा ही व्यवस्था वऱ्हाडात यवतमाळ मार्गाच्याही आधी चाळीसेक वर्षे रुळली होती. फरक इतकाच की, तेथे मालकाच्या जागी सरकार होते.

खामगाव-अमरावतीची सोय झाली, तरी अचलपूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा, यवतमाळ हा दोन्ही बाजूंचा प्रदेश उरलाच. अचलपूर ही इमादशाहीची जुनी राजधानी, कारंजा ही सावकारांची व व्यापाऱ्यांची पुरातन पेठ, आणि यवतमाळचे पठार म्हणजे नव्याने लागवडीखाली येत असलेला कापसाचा मुलूख. या गावांतून मुख्य मार्गापर्यंत माल आणावयाचा तो बैलगाडीनेच. मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीतील गाडीवाट बंद होई, आणि हंगामात उचल न झालेला माल दिवाळीपर्यंत अडकून पडे.

३. शाखा-कंपन्यांचे धोरण

ही उणीव भरून काढण्यास सरकार स्वतः पैसा घालावयास तयार नव्हते. दुष्काळ, सरहद्दीवरील खर्च व रुपयाच्या घसरत्या हुंडणावळीमुळे हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीवर ताण होता, आणि जो पैसा रेल्वेसाठी मिळे तो मुख्य मार्गांवरच संपे. यातून वाट काढण्यासाठी १८९० नंतर सरकारने शाखा-रेल्वे बांधू इच्छिणाऱ्या कंपन्यांसाठी सवलतींची अटपत्रे प्रसिद्ध केली व पुढील वीस-पंचवीस वर्षांत ती वेळोवेळी अधिक उदार केली. १९१० नंतर तर त्यांना चांगलाच प्रतिसाद मिळू लागला.

या अटींचे मर्म असे होते. कंपनीने भांडवल उभारावे. सरकारने जमीन मोफत द्यावी. मार्ग बांधून झाल्यावर तो शेजारच्या मुख्य रेल्वेने आपल्या नोकरांकरवी चालवावा. मुख्य रेल्वेने उत्पन्नातून चालविण्याच्या खर्चापोटी आपला हिस्सा कापून घ्यावा आणि उरलेले कंपनीस द्यावे. उरलेले पुरेसे नसेल तर दोहोंपैकी एक उपाय असे : सरकारने किमान व्याजाची हमी द्यावी, किंवा मुख्य रेल्वेला या शाखेमुळे जो जादा माल मिळाला त्याच्या नफ्यातून काही भाग शाखा-कंपनीस परत करावा. याच्या मोबदल्यात ठरावीक वर्षांनंतर, व त्यापुढे ठरावीक अंतराने, संपूर्ण मार्ग विकत घेण्याचा हक्क सरकारने आपल्याकडे राखून ठेवला.

या योजनेमागचा दुसरा हेतू प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मुख्य मार्गांच्या कंपन्या लंडनमध्ये नोंदलेल्या होत्या व त्यांचे भागभांडवल पौंडांत होते. शाखा-कंपन्यांसाठी मात्र हिंदुस्थानातील रुपयांचे भांडवल बाहेर काढावे, म्हणजे मुंबईचे व्यापारी, गिरणीमालक, संस्थानिक व वकील यांनी या भागांत पैसा गुंतवावा, अशी सरकारची इच्छा होती. शेअरबाजारात हे भाग सरकारी रोख्यांच्या खालोखाल सुरक्षित मानले जात, कारण मार्ग चालविण्याची डोकेदुखी भागधारकांस नव्हती. जो भागधारक मूर्तिजापुरास आयुष्यात कधी गेला नसेल तोही या मार्गाचा मालक होऊ शके.

४. कंपनी, व्यवस्थापक आणि चालक

मुंबईची किलिक, निक्सन आणि कंपनी ही पेढी १८५७ साली स्थापन झाली. कापूस, गिरण्या, आगबोटी अशा नाना उद्योगांत ती होती, आणि शाखा-रेल्वेचे धोरण जाहीर झाल्यावर तिने त्या व्यवसायातही पाऊल टाकले. सुरत ते अमळनेर हा खानदेशातून जाणारा तापी व्हॅली मार्ग आणि गुजरातेतील अहमदाबाद-प्रांतीज मार्ग हे तिच्या व्यवस्थापनाखालील मार्ग होत. १९१० साली तिने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज कंपनी काढली. मूर्तिजापूरचे दोन्ही फाटे, आणि त्यांच्याच जोडीला वर्धा जिल्ह्यातील पुलगाव-आर्वी हा मार्ग, या कंपनीच्या मालकीचे झाले. ही सर्व बांधणी १९१० नंतरच्या दशकात झाली.

येथे तीन भिन्न पक्ष नीट वेगळे करून पाहिले पाहिजेत, कारण पुढील सर्व गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून झाला आहे. पहिला पक्ष म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज कंपनी. रूळ, पूल व स्थानके हिची. दुसरा पक्ष म्हणजे किलिक, निक्सन. ही व्यवस्थापक पेढी असून कंपनीचे दप्तर, हिशेब व सरकारशी पत्रव्यवहार पाहण्याबद्दल तिला मेहनताना मिळे. तिसरा पक्ष म्हणजे जी. आय. पी. रेल्वे, गाड्या चालविणे, माल स्वीकारणे, भाडे घेणे व रुळांची देखरेख ही कामे हिच्याकडे. सामान्य माणसाला दिसे तो हाच तिसरा पक्ष. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही जी. आय. पी.चीच लहान गाडी होती. तिच्या मागे मुंबईतील एखादी निराळी कंपनी उभी आहे हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

वऱ्हाडच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकास ही रचना नवखी वाटणार नाही. १९०२ च्या करारान्वये सबंध वऱ्हाड प्रांतच सरकारने निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतला होता व त्यापोटी दरसाल २५ लाख रुपये खंड ठरला होता. सार्वभौमत्व निजामाचे आणि राज्यकारभार इंग्रजांचा, अशा स्थितीत ज्या प्रांताने अर्धशतक काढले, त्या प्रांतात मालक व वहिवाटदार वेगळे असणे ही नित्याचीच बाब होती.

५. मार्गाची उपयुक्तता आणि तिची मर्यादा

अडीच फुटी माप निवडण्याचे कारण काटकसर हे होय. लहान मापाला वळणे आखूड घेता येतात, भराव व खोदाई कमी लागते, पूल हलके चालतात. यवतमाळच्या पठारावर चढणाऱ्या मार्गाच्या बाबतीत हा लाभ विशेष होता. हंगामी मालावर जगणाऱ्या फाट्याला रुंद मापाचा खर्च पेलणारा नव्हता, हे मान्य करावे लागेल.

या मार्गाने पेठांचे रूप पालटले. शेतातून आलेल्या कपाशीत रुई सुमारे तिसरा हिस्सा असते, बाकीची सरकी. कपाशी तशीच दूर नेणे म्हणजे सरकीचे वजन व मोकळ्या कापसाचा फुगवटा यांचे भाडे भरणे होय. म्हणून सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने, म्हणजे जिन आणि प्रेस, हे स्थानकाच्या जवळ उभे राहतात. दारव्हा, कारंजा, अंजनगाव, यवतमाळ येथे हेच घडले. शेतकऱ्याची बंडी आता दूरच्या पेठेऐवजी आपल्याच तालुक्याच्या गावी जाऊ लागली. ३९२ पौंडांची बांधीव गाठ लहान वाघिणीतून मूर्तिजापुरास आणि तेथून मुंबईस जाई.

परंतु मूर्तिजापूर येथेच मार्गाची मर्यादाही होती. लहान मापाची वाघीण मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाही. प्रत्येक गाठ तेथे हमालांनी एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावी लागे. या उतराई-चढाईत मजुरी जाई, वेळ जाई, आणि गाठीही उसवत. अंतर जितके थोडे तितका हा खर्च भाड्याच्या मानाने जड. बैलगाडी हाच प्रतिस्पर्धी असेपर्यंत हा दोष सहन झाला. पुढे मालमोटार आली. ती जिनच्या दारातून गाठी उचलते आणि मुंबईच्या गोदामात किंवा गिरणीच्या फाटकात नेऊन टाकते. मध्ये कोठेही माल उतरवावा लागत नाही. त्या दिवशी या मार्गाच्या उद्देशाचाच पाया खचला, असे म्हणावयास हरकत नाही.

६. 'राष्ट्रीयीकरण' या शब्दाविषयी

रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणात हा मार्ग सुटून गेला, हे विधान करणाऱ्यांच्या मनात असे चित्र असते की, स्वातंत्र्यानंतर एखाद्या दिवशी एका कायद्याने सर्व खाजगी रेल्वे राष्ट्राच्या झाल्या. वस्तुस्थिती तशी नाही. रेल्वे सरकारी मालकीच्या होण्याची क्रिया फार पूर्वी सुरू झाली व ती तुकड्यातुकड्यांनी झाली. ईस्ट इंडियन रेल्वे सरकारने १८८० सालीच विकत घेतली. जी. आय. पी. १९०० साली सरकारच्या मालकीची झाली. मात्र तिचा कारभार १९२५ पर्यंत कंपनीकडेच राहिला. म्हणजे मूर्तिजापूरचे फाटे बांधले गेले तेव्हा ते चालविणारी मुख्य रेल्वे मालकीने सरकारी आणि कारभाराने खाजगी होती! बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची मालकी १९०५ साली व कारभार १९४२ साली सरकारकडे आला. यातील प्रत्येक व्यवहार त्या त्या कंपनीच्या करारातील खरेदीच्या अटीनुसार, ठरलेल्या मुदतीस व ठरलेल्या किमतीने झाला.

१९५१-५२ मध्ये जे घडले ते मुख्यतः सरकारी रेल्वेंचे व संस्थानांच्या रेल्वेंचे विभागवार एकत्रीकरण होय. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली व जी. आय. पी. तीत विलीन झाली. त्याबरोबर मूर्तिजापूरचे फाटे चालविण्याचे काम मध्य रेल्वेकडे आले. मालकीचा प्रश्न त्या दिवशी उपस्थितच झाला नाही, कारण पुनर्रचनेचा तो विषय नव्हता. शाखा-कंपनीचा मार्ग विकत घ्यावयाचा तर तिच्या करारातील मुदत आली असताना नोटीस देऊन व किंमत मोजून घ्यावा लागे. ही मुदत दर दहा वर्षांनी येत गेली, आणि प्रत्येक वेळी खरेदी न करता करार पुढे चालू ठेवण्यात आला.

तेव्हा याला नजरचूक म्हणता येत नाही. प्रत्येक मुदतीस सरकारपुढे दोन पर्याय होते. एक, भांडवली किंमत देऊन तोट्याचा, जुना, अरुंदमापी मार्ग आपल्या पदरात घेणे. दुसरा, थोडे वार्षिक देणे चालू ठेवून निर्णय पुढे ढकलणे. दुसरा पर्याय अंदाजपत्रकाच्या दृष्टीने नेहमीच स्वस्त दिसतो. म्हणून हा मार्ग विसरला गेला असे न म्हणता तो वेळोवेळी पुढे ढकलला गेला असे म्हणणेच यथार्थ होईल.

परकीय मालकीच्या समजाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. किलिक, निक्सन ही मूळची इंग्रजांची पेढी होती यात संशय नाही. पण स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई-कलकत्त्याच्या इतर अनेक इंग्रज पेढ्यांप्रमाणे तीही भारतीय भांडवलाच्या हाती आली. १९७० साली व्यवस्थापक पेढ्यांची पद्धतच कायद्याने रद्द झाली. त्यामुळे यवतमाळ मार्गाचे पैसे विलायतेस जातात हे विधान नंतरच्या काळास लागू करता येत नाही. पैसा जात होता तो खाजगी मालकास. आणि तो मालक मुंबईत होता. ही बाब राष्ट्राभिमानाला कमी डिवचणारी असेल, परंतु आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने अधिक विचार करावयास लावणारी आहे.

७. बार्शीचे उदाहरण

तुलनेसाठी महाराष्ट्रातील दुसरा अडीच फुटी मार्ग घेऊ. बार्शी लाइट रेल्वेचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा जी. आय. पी.च्या नोकरीत असताना बार्शीच्या पेठेतील मालाची वर्दळ त्याच्या नजरेत भरली. नोकरी सोडून त्याने लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा सुमारे २१ मैलांचा मार्ग खुला केला. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार न पडू देता मोठ्या क्षमतेच्या वाघिणी बांधण्याची त्याची पद्धत अभियंत्यांत नावाजली गेली. पुढे हा मार्ग १९०६ साली पंढरपुरास, १९११ साली लातुरास व १९२७ साली मिरजेस जाऊन पोहोचला. एकूण लांबी सुमारे २०२ मैल झाली.

वरवर पाहता बार्शीची कंपनी यवतमाळच्या कंपनीहून अधिक परकीय होती : नोंदणी लंडनची, भांडवल पौंडांचे. परंतु ती आपला मार्ग स्वतः चालवीत असे. मालक व चालक एकच होते. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने हा मार्ग विकत घेतला व तो मध्य रेल्वेत सामील झाला. त्या दिवसापासून मालकीही सरकारची आणि वहिवाटही सरकारची झाली. रुंदीकरणास पुढे पुष्कळ वर्षे लागली हे खरे. तरी कुर्डुवाडी-पंढरपूर भाग २००१ मध्ये, लातूरकडील भाग २००७-०८ च्या सुमारास व पंढरपूर-मिरज भाग २०१० मध्ये रुंदमापी होऊन देशाच्या मार्गजाळ्यात मिसळला. लातूरची रेल्वे आज जिवंत आहे, यवतमाळ-अचलपूरची नाही.

या फरकाचे सर्व श्रेय मालकीच्या प्रश्नास देणे चुकीचे होईल. बार्शी मार्गाला पंढरीच्या यात्रेचे उतारू होते. मिरजेस तो दुसऱ्या मोठ्या मार्गास मिळत होता, म्हणजे दोन्ही टोकांस खुला होता. यवतमाळ व अचलपूर ही दोन्ही आंधळी टोके होती. तथापि बार्शीच्या बाबतीत रुंदीकरणाचा निर्णय घेण्यास सरकारला कोणाचीही संमती लागली नाही व गुंतविलेला प्रत्येक रुपया स्वतःच्या मालमत्तेत गेला, ही गोष्ट नगण्य नाही.

८. जीर्णता आणि अखेर

आपल्याकडे शेतीच्या कायद्यात एक जुना अनुभव आहे. जमीन कसणाऱ्यास ती आपल्याकडे राहील याची शाश्वती नसेल, तर तो बांध घालीत नाही, विहीर खणीत नाही. आणि गावाबाहेर राहणाऱ्या मालकास खंड वेळेवर मिळत असेल, तर त्यालाही बांधाची फिकीर नसते. यवतमाळ मार्गाची स्थिती नेमकी हीच झाली. मध्य रेल्वेने नवे रूळ टाकावेत तर ते दुसऱ्याच्या मालमत्तेवर; कंपनीने भांडवल घालावे तर त्या मार्गावर भाडे ठरविण्याचा, गाड्या वाढविण्याचा वा कमी करण्याचा अधिकार तिला नाही. एकाकडे हक्क होता पण सत्ता नव्हती. दुसऱ्याकडे सत्ता होती पण स्वारस्य नव्हते. दोघांपैकी कोणीही कराराचा भंग न करता मार्ग जीर्ण होत गेला.

या जीर्णतेची चिन्हे प्रवाशास उघड दिसत. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर सुमारे सत्तर वर्षे ओढत राहिले. ते १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले व त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. जुन्या वस्तूंच्या शौकिनांना याचे कौतुक वाटले. परंतु एकच इंजिन सत्तर वर्षे चालवावे लागणे ही यंत्राच्या मजबुतीची साक्ष असली, तरी व्यवस्थेच्या औदासीन्याचीही साक्ष होती. काटकसरीसाठी नोकर इतके कमी करण्यात आले की, गाडी थांबवून गाडीवरील माणसांनीच फाटक लावावे व गार्डानेच तिकिटे द्यावीत अशी पाळी आली.

कापूस मालमोटारींकडे गेल्यावर या मार्गाचे जे उपयोगकर्ते उरले ते बहुतांशी गरीब होते : मजूर, बाजारास जाणारे छोटे शेतकरी, विद्यार्थी, भाजी विकणाऱ्या बाया. मोटारीच्या भाड्याच्या काही अंशात गाडी त्यांना तालुक्याच्या गावी नेई. मार्ग मंद होता, पण पावसाळ्यात भरवशाचा होता. मालगाडीसाठी बांधलेला मार्ग अशा रीतीने अखेरीस केवळ माणसांच्या गरजेवर तगून राहिला, आणि ती माणसे उत्पन्नाच्या ताळेबंदात भर घालणारी नव्हती.

२०१० नंतरच्या दशकात गाड्या क्रमाक्रमाने बंद पडल्या. २०१६ साली मार्ग रुंदमापी करण्याची योजना जाहीर झाली व सुमारे १५०० कोटी रुपयांचा आकडा सांगण्यात आला. रेल्वेचा नवा भांडवली ओघ मात्र दुसऱ्या मार्गाकडे वळला. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरांचा संपूर्ण नवा रुंदमापी मार्ग हाती घेण्यात आला असून त्यातील वर्धा-कळंब हा भाग फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. या नव्या मार्गाने यवतमाळची गरज भागेल. कारंजा, दारव्हा, दर्यापूर आणि अंजनगाव यांपैकी जी गावे जुन्या रुळांवर विसंबून होती त्यांची मागणी मात्र जुन्याच मार्गाची आहे, आणि तिच्यासाठी तेथील नागरिक निवेदने देत, मोर्चे काढीत आले आहेत.

९. निष्कर्ष

या विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली ही की, शाखा-रेल्वेचे धोरण आपल्या काळापुरते यशस्वी होते. सरकारचा पैसा न लागता एका मोठ्या कापूसपट्ट्यास मार्ग मिळाला, हे नाकारता येणार नाही. परंतु त्या धोरणाचा दोषही त्याच काळी जाणकारांच्या लक्षात आला होता. १९२०-२१ च्या ॲकवर्थ समितीने लहान लहान शाखा-कंपन्यांची संख्या वाढविण्यास अनुकूलता दाखविली नाही. शाखा मुख्य रेल्वेनेच बांधाव्यात असा तिचा कल होता. तेव्हापासून अशा नव्या कंपन्यांना उत्तेजन मिळेनासे झाले, पण जुने करार चालूच राहिले.

दुसरी ही की, खाजगी मालकी म्हणजे आपोआप नाश आणि सरकारी मालकी म्हणजे आपोआप उद्धार असे समीकरण मांडणे इतिहासास धरून होणार नाही. बार्शीची कंपनीही खाजगीच होती व तिने आपला मार्ग तीस वर्षांत दहापट वाढविला नसला, तरी एकवीस मैलांवरून दोनशेदोन मैलांपर्यंत निश्चितच नेला. उलट मार्टिन कंपनीच्या हावडा-आमता व शाहदरा-सहारनपूर या लहान रेल्वेंत मालक व चालक एकच असूनही १९७०-७१ च्या सुमारास त्या बंद पडल्या, कारण मोटारीपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. मात्र त्या एका ठरावीक दिवशी बंद झाल्या व पुढे काय करावयाचे याचा विचार करणे शक्य झाले. मालकी आणि वहिवाट विभागलेली असते तेथे मार्ग चालूही राहत नाही व बंदही होत नाही. तो केवळ झिजत जातो.

तिसरी गोष्ट अभ्यासपद्धतीविषयी आहे. 'सरकार विसरले' आणि 'इंग्रज अजून पैसे नेतात' या दोन वाक्यांनी या मार्गाचा इतिहास सांगून टाकण्यात एक समाधान आहे, कारण त्यात दोष दूरच्या माणसाचा ठरतो. कराराच्या अटी, खरेदीच्या मुदती व अंदाजपत्रके यांच्या वाटेने गेल्यास दोष आपल्याच कार्यालयांतून, आपल्याच काळात, दर दहा वर्षांनी घेतलेल्या एका न-निर्णयाचा ठरतो. आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वऱ्हाडातील अशा मार्गांचे वार्षिक अहवाल, जमाबंदीचे कागद व पेठांतील जिन-प्रेसांची दप्तरे यांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला पाहिजे. ही दप्तरे जुन्या कारखान्यांच्या पडक्या खोल्यांतून वाळवीच्या स्वाधीन होत आहेत. रुळांप्रमाणे तीही नाहीशी झाली, तर या मार्गाची मालकी कोणाची होती एवढेच लोकांच्या स्मरणात राहील. तो कोणाच्या उपयोगी पडला आणि कोणाच्या हातून गेला, हे सांगण्यास पुरावा उरणार नाही.